चाळणीवर राहिलेले टपोरे दाणे

‘देवराई’ हा २००४ सालचा चित्रपट तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. त्यातील शेष या तरुणाला स्किझोफ्रेनिया हा आजार आहे. नसलेले आवाज ऐकू येणे, निराधार संशय मनात पक्का बसणे, अशा अवस्थेला ‘सायकोसिस’ म्हणतात. ती बहुधा ऐन तारुण्यात सुरू होते. उपचार लवकर झाले तर गुण चांगला येतो. मग आजार पुरता जडण्यापूर्वीच तो ओळखता येईल काय?

त्यासाठी नेदरलँड्समधील संशोधकांनी २०१२ मध्ये १६ विधानांची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. प्रत्येक विधान आपल्याला लागू पडते काय, आणि पडत असल्यास त्रास किती होतो, एवढेच आपण लिहायचे. सहा किंवा अधिक ‘होय’ आले, तर पुढची तपासणी. धोक्याच्या अवस्थेतील शंभरांपैकी ८७ जण तिने हेरले, आणि तशी अवस्था नसलेल्या शंभरांपैकी ८७ जणांना बरोबर वगळले.

आता थोडे गणित करू. समजा, आमच्या मोहोळात एक हजार विद्यार्थ्यांनी ती भरली आणि त्यांत खरोखर धोक्यात दहाच आहेत. दहांपैकी सुमारे ९ सापडतील. उरलेल्या ९९० पैकी १३ टक्के, म्हणजे सुमारे १२९, विनाकारण अडकतील. एकूण १३८ जणांत खरे ९! ज्वारी चाळताना खड्यांबरोबर टपोरे दाणेही चाळणीवर राहतात, तसेच हे. मूळ चाचणी मानसिक त्रासासाठी मदत मागायला आलेल्यांवर घेतली होती. तेथे हजारांत २०० जण धोक्यात आहेत असे धरले, तर १७४ खरे आणि १०४ चुकीचे सापडतील. चाळणी तीच, धान्य वेगळे.

शिवाय झोप लागता लागता कोणी हाक मारल्याचा भास पुष्कळांना होतो. आणि ‘तुमच्यावर कोणाची वाईट नजर आहे काय?’ असे विचारले, तर दृष्ट काढणाऱ्या घरातला मुलगा सहज ‘होय’ म्हणेल! म्हणून त्रासाचा प्रश्न मला अधिक मोलाचा वाटतो. उलट, ज्याचा संशय फारच बळावला आहे, तो प्रश्नावलीवरही संशय घेऊन सगळीकडे ‘नाही’ लिहील.

असे कागद वर्गात वाटून शिक्षकांनी गुण मोजू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र एखाद्याचा अभ्यास, झोप, मित्र सारेच सुटत चालले असेल आणि तो आवाजांनी भेदरलेला असेल, तर प्रश्नावलीवाचूनच त्याला डॉक्टरांकडे न्यावे. ‘टेली-मानस’ ही सरकारी दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते, आणि पैसे पडत नाहीत.