कालिदू कुलिबाली : जन्म फ्रान्सचा, जर्सी सेनेगलची

१९९१ मध्ये फ्रान्समध्ये, सेनेगलहून आलेल्या मुस्लिम कुटुंबात जन्मलेला कुलिबाली फ्रान्सच्या वीस वर्षांखालील संघाकडून खेळला. पण २०१५ मध्ये त्याने आई-वडिलांचा देश निवडला.

मेस, गेंक या क्लबांनंतर इटलीच्या नापोलीची बचावफळी त्याने २०१४ पासून आठ हंगाम सांभाळली. डिसेंबर २०१८ ला मिलानमध्ये प्रेक्षकांनी त्याच्या रंगावरून हुर्यो उडवली. त्याच सामन्यात त्याला लाल कार्डही मिळालं. नंतर त्याने लिहिलं, आपल्या रंगाचा आणि फ्रेंच, सेनेगली, नापोलीकर असण्याचा आपल्याला अभिमान आहे.

फेब्रुवारी २०२२ मध्ये तोच कर्णधार असताना सेनेगलने इजिप्तला पेनल्टींवर हरवून पहिला आफ्रिका चषक जिंकला. पहिली पेनल्टी त्यानेच मारली. पुढे चेल्सी आणि २०२३ मध्ये सौदीचा अल-हिलाल. ‘तू नक्की कुठला?’ असं विचारलं जाणाऱ्या आपल्या मुलांना ही गोष्ट जरूर सांगा.