न उडालेल्या विमानाची काजळी

मिग-21चं प्लास्टिकचं मॉडेल करताना एखाद्या झडपेबद्दल शंका आली, तर ती फेडता येते. खरं विमान कुठल्या तरी संग्रहालयात नाहीतर शहरातल्या चौकात उभं असतं. जाऊन बघायचं, फोटो काढायचे आणि घरी येऊन पुन्हा कामाला लागायचं. ‘स्टार वॉर्स’मधल्या एक्स-विंगचं मॉडेल करणाऱ्याची ही सोय नाही. हे लढाऊ विमान कधी उडालंच नाही. आणि तरीही त्याची मुळं एक सोडून तीन आहेत.

पहिलं गोष्टीतलं, साडेबारा मीटर लांबीचं. दुसरं कॅलिफोर्नियातल्या स्टुडिओत कॅमेऱ्यासमोर ठेवलेलं, जेमतेम अर्धा मीटर लांबीचं. तिसरं इंग्लंडमध्ये एल्स्ट्री स्टुडिओत नटांना चढता यावं म्हणून बांधलेलं पूर्ण आकाराचं. तिघांचे तपशील एकमेकांशी जुळत नाहीत. त्यामुळे डबा उघडण्याआधीच ठरवावं लागतं, की आपण नक्की कशाची प्रतिकृती करतोय. या एका प्रश्नावरून मॉडेलवाल्यांमध्ये जे वाद होतात, ते खऱ्या विमानांवरून होणाऱ्या वादांपेक्षा कडू असतात.

या विमानाची पहिली कल्पना कॉलिन कँटवेल यांची. ‘2001: अ स्पेस ओडिसी’वर काम केलेले हे गृहस्थ. ब्रिटिश पबमध्ये फळ्यावर फेकलेल्या डार्टवरून एक्स-विंगचा आकार सुचला, असं ते सांगत. पुढे जो जॉन्स्टन यांनी त्याला आज ओळखीचं असलेलं रूप दिलं आणि 1975 साली सुरू झालेल्या इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक या स्पेशल इफेक्ट्सच्या स्टुडिओच्या व्हॅन नाइजमधल्या गोदामात ते घडवलं गेलं. विमानांची झटापट कशी दिसावी हे कळण्यासाठी दिग्दर्शक जॉर्ज लुकस यांनी ‘द डॅम बस्टर्स’सारख्या युद्धपटांतले हवाई तुकडे कच्च्या संकलनात जोडले होते. एक्स-विंग अवकाशात उडतं, पण वळतं मात्र दुसऱ्या महायुद्धातल्या विमानासारखं, ते यामुळे.

आता खरी गंमत. अर्धा मीटर लांबीची वस्तू पडद्यावर साडेबारा मीटरची वाटायची, तर तिच्या अंगावर बारीक तपशिलांची दाटी हवी. डोळा मोठेपणा मोजतो तो बारीकसारीक गोष्टींवरून: नळ्या, झाकणं, जाळ्या, खाचा. हे सगळं हाताने घडवायचं तर जन्म गेला असता. म्हणून स्टुडिओतल्या मंडळींनी बाजारातले प्लास्टिक किट ढिगाने विकत आणले. रणगाडे, तोफा, शर्यतीच्या गाड्या, जहाजं. त्यांचे सुटे भाग काढून ते विमानांच्या अंगावर चिकटवले. जर्मन रणगाड्याचा एखादा भाग उलटा लावला की तो कुठल्या तरी अज्ञात यंत्रणेचा तुकडा होतो. या भरताडाला त्या धंद्यात ग्रीबल म्हणतात.

म्हणजे किटच्या तुकड्यांतून झालेलं हे विमान. पुढे त्याचेच किट निघाले. 1970च्या दशकातले जरा ओबडधोबड होते. नंतर जपानच्या फाइन मोल्ड्सने 1/72 प्रमाणात चांगलं काम केलं आणि 2014 मध्ये बंदाईने त्याच प्रमाणात आपला किट काढला, जो आज नवख्याने बिनधास्त घ्यावा. बंदाईच्या साच्यात ते मूळ ग्रीबलही इमानाने उतरलेले आहेत. रणगाड्याचा भाग आधी 1/35चा होता, तो अवकाशयानाचा अवयव झाला आणि आता आणखी लहान होऊन पुन्हा किटच्या डब्यात परतला. मूळ रणगाडा घडवणाऱ्या इंजिनिअरला हे दाखवायला हवं होतं.

जोडणीत फार वेळ दवडू नये. हा किट गोंदाशिवाय दाबून बसतो आणि तयार विमान सतरा सेंटिमीटरच्या आसपास भरतं. भाग निपरने दोनदा कापायचा, एकदा लांबून आणि एकदा जवळून, म्हणजे प्लास्टिकवर पांढरा ओरखडा उठत नाही. उरलेला खुंट पॉलिश पेपरने घासायचा, 400 नंबरपासून हळूहळू 1000पर्यंत. एकच पथ्य: उघडमिटणाऱ्या पंखांच्या सांध्यांवर रंगाचा थर चढणार हे धरून तिथे आधीच थोडं घासून ठेवायचं. नाहीतर पहिल्यांदा पंख उघडताना रंग सोलवटून निघतो.

खरं काम पुढे आहे. लुकस यांना चकचकीत भविष्य नको होतं, वापरून जुनं झालेलं हवं होतं. म्हणून एक्स-विंग पांढरं असूनही पांढरं नाही. शुद्ध पांढरा रंग मारला की ते खेळणं दिसतं. राखाडीकडे झुकणारा मळकट पांढरा घ्यावा, त्यातही एखादं पॅनेल किंचित पिवळट, एखादं करडं ठेवावं. पत्र्याच्या सांध्यांमध्ये पातळ केलेला तपकिरी एनॅमल रंग सोडायचा आणि जास्तीचा टिपून घ्यायचा. खालचा रंग अॅक्रिलिक असेल आणि त्यावर चकचकीत वार्निशचा थर असेल, तर एनॅमलचा थिनर त्याला धक्का लावत नाही. खालचा रंगही एनॅमलच असेल, तर सगळं एकमेकांत विरघळू शकतं. वार्निश लॅकरचं असेल आणि आपण मुंबईत किंवा कोकणात, तर जुलैत ते मारूच नये. दमट हवेत त्यावर पांढुरकी साय येते.

रंगाचे पोपडे उडवण्यासाठी सगळ्यात स्वस्त साधन म्हणजे हेअरस्प्रे. आधी धातूचा किंवा करड्या प्रायमरचा रंग मारायचा. तो वाळला की हेअरस्प्रे आणि त्यावर अॅक्रिलिकचा लाल पट्टा. थोड्या वेळाने ओल्या ब्रशने घासलं की पाणी झिरपून खालचा हेअरस्प्रे विरघळतो आणि वरचा रंग वेड्यावाकड्या कडांनी सुटतो. हाताने काढलेले पोपडे कधीच इतके बेशिस्त होत नाहीत.

पण मळवायचं कुठे? इथे विचार करावा लागतो. खऱ्या विमानावर तेलाचे ओघळ मागे जातात, कारण हवा मागे ढकलते. अवकाशात हवा नाही, त्यामुळे तिथे लागलेली काजळी जिथल्या तिथे राहायला हवी. मात्र हे विमान उभं असतं याविन ग्रहमालिकेतल्या एका दमट, जंगली चंद्रावर (त्याची दृश्यं ग्वाटेमालातल्या तिकालची आहेत), आणि उडतंही तिथूनच. म्हणून खाली ओघळलेले डाग शोभतात, मागे गेलेले थोडे चालतात, आणि काळा भडका हवा तो तोफांच्या टोकांना आणि इंजिनांच्या तोंडाशी. बरेच जण उत्साहाच्या भरात सगळ्या विमानावर सारखाच चिखल फासतात. मग ते युद्धातून आलेलं वाटत नाही, गटारातून काढलेलं वाटतं.

चार इंजिनांत दिवे लावायचे असतील तर जोडणीआधी पोकळ भाग आतून काळे रंगवून घ्यावेत. पांढरं प्लास्टिक पातळ असतं. दिवा लागला की सगळं विमान आकाशकंदिलासारखं उजळतं, आणि केलेली मेहनत फुकट जाते.

स्टुडिओतली मूळ मॉडेल किती मोलाची झाली, याचा अंदाज 2023 मध्ये आला. मॉडेलकार ग्रेग जीन यांच्या निधनानंतर हरवलेलं मानलं गेलेलं एक एक्स-विंग त्यांच्या संग्रहात एका खोक्यात सापडलं. डॅलसच्या हेरिटेज ऑक्शन्सने केलेल्या लिलावात ते 31 लाख डॉलरांहून अधिक किमतीला गेलं. किटचे तुकडे चिकटवलेल्या खेळण्याला ही किंमत.

राहिला तीन मुळांचा प्रश्न. तो शेवटी कॉकपिटच्या झाकणावर येऊन थांबतो. निळ्या पडद्यासमोर चित्रीकरण करताना काचेवर प्रतिबिंबं पडतात, म्हणून स्टुडिओतल्या मॉडेलना काचच नव्हती, नुसती चौकट होती. बंदाईच्या डब्यात दोन्ही झाकणं मिळतात. काच लावली तर गोष्टीतलं विमान, न लावली तर स्टुडिओतलं. निळ्या पडद्याने आणखीही उचापती केल्या, कारण त्याच्यासमोर निळं काही टिकत नाही. चित्रपटाचा नायक ल्यूक याची तुकडी मुळात ‘ब्लू’ होती, ती ‘रेड’ झाली, म्हणून पट्टे लाल. विमानाच्या पाठीवर बसणाऱ्या आर-टू-डी-टू या रोबोच्या निळ्या खुणाही अवकाशातल्या अनेक दृश्यांत काळ्या दिसतात. नियमाने चालायचं तर काच काढणाऱ्याने आर-टूही काळा रंगवायला हवा. मी काच लावत नाही आणि आर-टू मात्र निळाच ठेवतो. काळा ठेवला की घरी येणारं प्रत्येक लहान मूल रंग चुकल्याचं सांगतं, आणि आठ वर्षांच्या मुलाशी निळ्या पडद्यावरून हुज्जत घालून आजवर कोणी जिंकलेलं नाही.