एकच ॲम्प, घरी आणि स्टेजवर

(या भागाचं लेखी रूप. बोलताना आलेले ‘म्हणजे’ आणि ‘तर’ थोडे कमी केलेत, बाकी बोलणं तसंच ठेवलंय.)

आजचा अख्खा भाग एकाच प्रश्नावर आहे. नाशिकच्या एका श्रोत्याने विचारलंय: “नोकरी लागून वर्ष झालं, थोडे पैसे साठवलेत. दुसऱ्या मजल्यावर फ्लॅटमध्ये राहतो. महिन्यातून एक-दोन गिग असतात. घरासाठी एक आणि स्टेजसाठी एक असे दोन ॲम्प परवडत नाहीत. बाबा म्हणतात, घे, पण सहा महिन्यांनी पुन्हा दुसरा मागू नकोस. काय घेऊ?”

बाबांचं म्हणणं रास्त आहे. कारण हे ‘सहा महिन्यांनी दुसरा’ माझंच झालंय. कॉलेजात असताना मी १५ वॉटचा, ८ इंची स्पीकरचा छोटा ॲम्प घेतला. खोलीत तो इतका वाजायचा की वाटायचं, झालं काम! मग गॅदरिंगला घेऊन गेलो. ड्रमरने पहिला ठेका दिला आणि माझी गिटार गेली कुठे, कळलंच नाही. आवाज पूर्ण उघडला तर नुसता फाटका, चिरका आवाज. त्या संध्याकाळी मी तीन गाणी वाजवली आणि ती एकट्या मलासुद्धा ऐकू आली नाहीत. चूक ॲम्पची नव्हती. मी फक्त डब्यावरचा वॉटचा आकडा बघितला होता.

वॉटचा हिशोब

वॉट दुप्पट केले म्हणजे आवाज दुप्पट होत नाही. वॉट दुप्पट झाले की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला ‘हो, थोडा वाढला’ एवढंच जाणवतं. आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॉट. तर ५० वॉट आणि १०० वॉट यांत किमतीचा आणि वजनाचा फरक मोठा असतो, आवाजाचा फरक छोटा.

मग आवाज येतो कुठून? स्पीकरमधून. प्रत्येक स्पीकरची एक संवेदनशीलता असते: १ वॉट दिला तर १ मीटरवर किती डेसिबल आवाज निघतो. समजा एकाची ९३ आहे आणि दुसऱ्याची ९९. फरक ६ डेसिबलचा, म्हणजे चौपट पॉवरचा. ९९ वाल्या स्पीकरला १५ वॉट दिले तर तो ९३ वाल्याच्या ६० वॉटइतका वाजेल. म्हणून चांगला १२ इंची स्पीकर असलेला ४०-५० वॉटचा ॲम्प, छोटे स्पीकर असलेल्या जास्त वॉटच्या ॲम्पला मागे टाकू शकतो.

आता नेहमीचा वाद. “ट्यूबचे १५ वॉट सॉलिड-स्टेटच्या ५० वॉटइतके वाजतात.” वॉट हा वॉटच असतो हो, पण या म्हणण्यात तथ्य आहे. ट्यूब ॲम्प मर्यादेपलीकडे ढकलला की तो हळूहळू दबतो, आवाज गोड फाटतो आणि वापरता येतो. ट्रान्झिस्टरची पॉवर संपली की लाटेचं डोकं एकदम छाटलं जातं आणि तो आवाज कानाला खुपतो. म्हणून सॉलिड-स्टेटमध्ये आपण त्या कडेपर्यंत जायचंच नाही. हातात शिल्लक ठेवायची. या शिल्लकीला हेडरूम म्हणतात. तुम्ही ५० वॉट विकत घेता ते रोज ५० वॉट वाजवायला नाही, तर जोरात स्ट्रोक मारला तरी आवाज स्वच्छ राहावा म्हणून.

सॉलिड-स्टेट म्हणजे ‘तडजोड’ का?

अजिबात नाही. रोलंडचा जेसी-१२० हा जाझ कोरस १९७५ साली आला. ६०-६० वॉटचे दोन पॉवर ॲम्प, १२ इंची दोन स्पीकर, ट्यूब एकही नाही. स्वच्छ आवाजासाठी आजही लोक त्याचंच नाव घेतात. मेटॅलिकासारख्या बँडनेही आपल्या क्लीन आवाजासाठी तो वापरलाय. बी. बी. किंग यांनी बरीच वर्षं लॅब सीरिजचा एल-५ वापरला, तोही ट्रान्झिस्टरचा. आणि पॅन्टेराच्या डाइमबॅग डॅरेलचा धारदार आवाज रँडलच्या सॉलिड-स्टेट ॲम्पमधून यायचा. ब्लूज घ्या, मेटल घ्या, दोन्हीकडे चाललंय.

आपल्यासाठी दोन फायदे आणखी आहेत. ट्यूब झिजतात, बदलाव्या लागतात, इथे ती भानगड नाही. आणि वजन! रिक्षात गिटार, पेडल आणि ॲम्प घेऊन एकटा बसणारा माणूस वजनाला किंमत देतो.

घरासाठी काय बघायचं

ट्यूब ॲम्पला रंगात यायला आवाज लागतो. सॉलिड-स्टेट हळू आवाजातही बरा वाजतो, म्हणून फ्लॅटला तो सोयीचा. तीन गोष्टी तपासा. एक, गेन आणि मास्टर व्हॉल्यूम वेगवेगळे हवेत. दोन, हेडफोन लावल्यावर स्पीकर बंद व्हायला हवा. तीन, व्हॉल्यूमची कळ शून्यावरून किंचित फिरवली की आवाज एकदम उसळता कामा नये. दुकानात हे करून बघाच, कारण रात्री दहा वाजता शेजारचे काका हेच तपासणार आहेत. काही ॲम्पना पॉवर कमी करायचं बटण असतं. उदाहरणार्थ, बॉस कटाना-५० ला १२ इंची स्पीकर आहे आणि पॉवर अर्धा वॉट, २५ किंवा ५० वॉट अशी निवडता येते. आतलं टोनचं काम डिजिटल आहे, पण आपल्या प्रश्नाचं हे नेमकं उत्तर आहे.

एक गंमत लक्षात ठेवा. हळू आवाजात आपल्या कानाला बास कमी ऐकू येतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच हे मोजून दाखवलं होतं. म्हणून घरी आपण बास वाढवतो आणि तीच सेटिंग स्टेजवर नेली की आवाज गढूळ होतो, बास गिटार आणि ड्रमच्या खाली दबतो. स्टेजवर बास थोडा कमी करा, मिड वाढवा, गेनही थोडा उतरवा. नव्वद टक्के वेळा ‘ॲम्प कमी पडतोय’ ही तक्रार तिथेच मिटते. (हा आकडा माझा अंदाज आहे, मोजलेला नाही.)

स्टेजसाठी काय बघायचं

तुमच्या ॲम्पने हॉल भरायचा नाहीये. हॉल भरायचं काम पीएचं. तुमचा ॲम्प तुम्हाला आणि तुमच्या ड्रमरला ऐकू आला की बास. साउंडवाला ॲम्पसमोर माइक लावतो, बाकी तो बघतो. अशा ठिकाणी १२ इंची स्पीकरचा ४० ते ६० वॉटचा ॲम्प पुरतो. पीए फक्त गाणाऱ्यांसाठी असेल आणि ड्रमर हात सैल सोडणारा असेल, तर मात्र १०० वॉटकडे बघा.

ॲम्प जमिनीवर ठेवू नका. गिटारच्या स्पीकरमधले तिखट सूर सरळ रेषेत जातात. ॲम्प गुडघ्याकडे वाजत असतो आणि आपण कानाने ऐकत असतो. खुर्चीवर ठेवा किंवा मागे तिरका टेकवा. हा उपाय फुकट आहे.

लाइन आउट असेल तर विचारा, त्यात स्पीकर सिम्युलेशन आहे का? गिटारचा स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झच्या वरचं बरंचसं गाळून टाकतो. ते गाळण नसलेली लाइन थेट मिक्सरला दिली आणि डिस्टॉर्शन लावलं, तर माशी डब्यात अडकल्यासारखा आवाज येतो. सिम्युलेशन नसेल तर माइकच बरा.

जास्तीचा स्पीकर जोडणार असाल तर मागे लिहिलेला ओहमचा आकडा वाचा. ट्रान्झिस्टर ॲम्पवर ‘किमान ८ ओहम’ लिहिलं असेल तर ४ ओहमचा कॅबिनेट जोडू नका. जास्त करंट ओढला जातो आणि आउटपुटचे ट्रान्झिस्टर जळतात.

वीज, आणि हे नीट ऐका

न्यू जर्सीचा मावसभाऊ येताना ॲम्प आणणार असेल तर आधी मागची पट्टी वाचायला सांगा. तिकडची वीज १२० व्होल्टची, आपली २३०. फक्त १२० चा ॲम्प आपल्या भिंतीत लावला तर पहिल्याच दिवशी गेला. जपानचा माल असेल तर तिथे १०० व्होल्ट. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो, आणि त्याचं वजन नि किंमत धरली तर ‘स्वस्त’ उरत नाही.

दुसरं, अर्थिंग. मांडवात थ्री-पिनची जाड पिन काढून टाकलेल्या वायरी मी डोळ्यांनी बघितल्यात. गिटारच्या तारा ॲम्पच्या अर्थला जोडलेल्या असतात. अर्थ तुटलेला असेल, ॲम्पमध्ये बिघाड असेल आणि तुमचे ओठ माइकला लागले, तर करंट तुमच्यातून जातो. यात माणसं मेलीत. साधा सॉकेट टेस्टर खिशात ठेवा. अर्थ नसेल तर ॲम्प लावायचा नाही, गिग कुणाचीही असो.

जुना घेताना

सेकंडहँड सॉलिड-स्टेटमध्ये चांगले सौदे मिळतात. अर्धा तास वाजवून बघा, गरम झाल्यावर आवाज खाली जातो का ते ऐका. सगळ्या कळा फिरवा. नुसती खरखर असेल तर बहुतेक वेळा क्लीनर स्प्रेने जाते. गिटारची केबल जॅकमध्ये हलवा. आवाज तुटत असेल तर सोल्डर सुटलेला असतो, भाव पाडा. गिटार न लावताही मोठी घरघर येत असेल तर सोडून द्या.

तर नाशिकच्या मित्रा, तुझ्या बाबांना सांग: १२ इंची एक स्पीकर, ४० ते ६० वॉट, मास्टर व्हॉल्यूम, हेडफोन आउट आणि उचलता येईल असं वजन. या पाच गोष्टी जुळल्या तर नाव कुठलंही चालेल. दुकानात जाताना स्वतःची गिटार घेऊन जा. आधी कुजबुजीच्या आवाजात वाजव, मग दुकानदार वैतागेपर्यंत. दोन्हीकडे हसू आलं तर पैसे दे.

आणि पहिल्या गिगला बाबांना घेऊन जा. तुझी गिटार ऐकू आली की नाही, ते खरं सांगतील. भेटू पुढच्या भागात.