पहिले पुस्तक आणि हजार प्रतींचा मोह

व्यापारात मुरलेला गृहस्थ मागणीचा अंदाज घेतल्याखेरीज गोदामात माल भरत नाही. मात्र तोच गृहस्थ उतारवयात आपल्या आठवणी किंवा घराण्याचा इतिहास स्वखर्चाने छापावयास निघाला की, हा नियम विसरतो. ‘हजार प्रती घेतल्यास स्वस्त पडतील’ हा मुद्रकाचा सल्ला त्याला पटतो आणि वर्षभरानंतरही माळ्यावर गठ्ठे तसेच पडून राहतात.

हिशेब साधा आहे. समजा, हजार प्रती प्रत्येकी १०० रुपयांना पडतात आणि तीनशे प्रती प्रत्येकी १५० रुपयांना. पहिल्या व्यवहारात एक लाख रुपये गुंततात, दुसऱ्यात पंचेचाळीस हजार. प्रत्यक्षात अडीचशेच प्रती वाचकांकडे गेल्या, तर स्वस्त वाटलेली प्रत ४०० रुपयांना पडते आणि महाग वाटलेली १८० रुपयांना. ऑफसेट छपाईत प्लेट व जुळवणीचा खर्च प्रती थोड्या असोत वा अनेक, सारखाच असतो. म्हणून तेथे मोठी संख्या स्वस्त भासते. डिजिटल छपाईत शंभर-दोनशे प्रतीही काढता येतात आणि मागणी आल्यास पुन्हा छापता येतात. म्हणून प्रथम वाचकांची यादी करावी, नंतर प्रतींची संख्या ठरवावी. किंमत ठरविताना विक्रेत्याचे कमिशन, टपालखर्च आणि भेट द्यावयाच्या प्रती यांचाही हिशेब धरावा.

दुसरी चूक घाईची. अमृतमहोत्सवाचा दिवस ठरतो, सभागृह घेतले जाते, निमंत्रणे जातात आणि मग त्या तारखेसाठी शेवटचे मुद्रितशोधन गाळले जाते. जुन्या फॉण्टमधील मजकूर युनिकोडमध्ये नेताना रफार, वेलांट्या आणि जोडाक्षरे हमखास बिघडतात. लेखकाला स्वतःचा मजकूर पाठ असतो. त्यामुळे त्याचा डोळा चुकांवरून घसरतो. शोधनाचे काम जाणकार त्रयस्थाकडे द्यावे. नावे, नाती आणि सनावळी मात्र घरातील दोन वडीलधाऱ्यांकडून तपासून घ्याव्यात. खातेवहीतील चूक उलट नोंद करून दुरुस्त होते; छापलेल्या पुस्तकात एखाद्या आत्याचे नाव राहून गेले, तर तो सल वर्षानुवर्षे टिकतो. बांधणीसह एक नमुनाप्रत हाती येऊन ती वाचून होईपर्यंत समारंभाची तारीख ठरवू नये.

तिसरी चूक कागदपत्रांची. लाखांचे व्यवहार लिखापढीने करणारी माणसे पुस्तकाचे काम मात्र तोंडी देतात. कागदाचा प्रकार, पृष्ठसंख्या, बांधणी, शोधनाच्या फेऱ्या, मुदत आणि रक्कम देण्याचे टप्पे लेखी असावेत. ‘पॅकेज’ देणाऱ्या संस्थेशी करार करताना लेखनाचे हक्क लेखकाकडेच राहतात ना, हे पाहावे. मजकुराच्या व मुखपृष्ठाच्या अंतिम फाइली ताब्यात घ्याव्यात. अन्यथा दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी अडवणूक होते. आयएसबीएन क्रमांक भारतात राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून विनाशुल्क मिळतो आणि लेखक स्वतः त्यासाठी अर्ज करू शकतो. पॅकेजवाल्याने स्वतःचा क्रमांक दिल्यास प्रकाशक म्हणून नोंद त्याची होते, हे ध्यानात ठेवावे.

इतरांच्या साहित्याबाबतही सावध असावे. आवडती कविता संपूर्ण छापण्याचा मोह होतो. परंतु भारतीय कायद्यानुसार साहित्यकृतीचा स्वामित्वहक्क लेखकाच्या हयातीत आणि निधनानंतर ६० वर्षे टिकतो. तोवर लेखी परवानगी घेणेच इष्ट. छायाचित्रे मोबाइलवरून संदेशाने मागविल्यास ती आक्रसून येतात व छपाईत धूसर दिसतात. मूळ फोटो नीट स्कॅन करून घ्यावेत.

एक कर्तव्य मात्र बहुतेकांना ठाऊकच नसते. १९५४ च्या ग्रंथप्रदान कायद्यानुसार प्रकाशकाने प्रकाशनापासून ३० दिवसांच्या आत एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि प्रत्येकी एक मुंबई, चेन्नई व दिल्ली येथील नियुक्त ग्रंथालयांना स्वखर्चाने द्यावयाची असते. स्वतः पुस्तक काढणारा लेखक हाच प्रकाशक. तेव्हा ही जबाबदारी त्याचीच. या चार प्रती छपाईच्या संख्येत आधीच धराव्यात. घरातील प्रती कालांतराने हरवतात, वाळवीच्या भक्ष्यस्थानी पडतात. पणतूला कधी घराण्याचा इतिहास शोधावासा वाटला, तर तो याच ग्रंथालयांत सापडण्याची आशा अधिक.