हा डबा कुठला?

पिशोरला रेल्वे नाही. अंजना नदीकाठचं आमचं गाव अद्रक, मका, कापूस पिकवतं आणि सगळा माल ट्रकमध्ये भरून पाठवतं. रूळ बघायचे तर कन्नडवरून औट्रम घाट उतरून चाळीसगाव गाठा, नाहीतर उलट्या दिशेला छत्रपती संभाजीनगर. अशा गावात बसून मी मालगाडीच्या डब्यांच्या छोट्या प्रतिकृती जोडतो. त्यातही रीफर, म्हणजे नाशवंत माल थंड ठेवून नेणारे डबे, माझ्या विशेष जिव्हाळ्याचे.

पहिला संच एका जुन्या खेळण्यांच्या विक्रेत्याकडे मिळाला. १४ सेंटिमीटर लांबीचा अमेरिकन डबा, पिवळ्या फळ्यांच्या भिंती आणि त्यांवर एका लोणीवाल्या कंपनीचं ठळक नाव. जोडून टेबलावर ठेवला तेव्हा घरातल्या धाकट्या पोरीनं विचारलं, ''असा डबा खरंच होता का?'' उत्तर सापडायला २ वर्षं गेली. असा डबा नव्हता. रंग आणि अक्षरं एका खऱ्या डब्याची होती, अंग दुसऱ्याच डब्याचं आणि चाकांची बोगी त्यांच्यानंतरच्या काळातली. तेव्हापासून मी एक नेम पाळतो. ज्या प्रतिकृतीचा मूळ डबा मला नावानिशी सांगता येत नाही, तिचं काम अर्धं राहिलंय असं धरतो. तिला रंग लावत नाही.

मूळ डबा ओळखायचा तर आधी तो कसा चालायचा ते कळायला हवं. अमेरिकेत १८७०-८० च्या दशकात शिकागोच्या गुस्ताव्हस स्विफ्टला कापलेलं मांस थेट पूर्वेकडच्या शहरांत पाठवायचं होतं. अँड्र्यू चेस नावाच्या अभियंत्यानं त्याच्यासाठी बर्फाचा डबा घडवला. पुढे जी रचना रूढ झाली तिच्यात डब्याच्या दोन्ही टोकांना बर्फाचे हौद असत. छपरावरची झाकणं उघडून वरून बर्फ टाकायचा, थंड हवा खाली उतरायची आणि मालातून फिरून तापली की पुन्हा वर चढायची. मोठ्या डब्यात साधारण ५ टन बर्फ मावे. मांसासाठी बर्फात मीठ मिसळत, म्हणजे तापमान आणखी उतरे. वाटेत ठरावीक स्थानकांवर लांबच लांब फलाट असत; तिथे माणसं छपरांवरून चालत जात आणि हौद पुन्हा भरत. कडाक्याच्या थंडीत याच डब्यात कोळशाची शेगडी ठेवून फळं गोठू देत नसत. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत बर्फाचे डबे जवळपास संपले आणि यंत्रानं थंड होणाऱ्या डब्यांनी त्यांची जागा घेतली.

(बर्फाचा प्रवास आपल्याला परका नाही. बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरचं बर्फानं भरलेलं जहाज १८३३ साली कोलकात्याला लागलं आणि पुढच्या काही वर्षांत मुंबईतही अमेरिकन तळ्यांचा बर्फ उतरू लागला. बोरीबंदर-ठाणे गाडी धावली ती १६ एप्रिल १८५३ ला. मुंबईनं बर्फ आधी पाहिला, आगगाडी नंतर.)

आता ओळख पटवण्याचं काम. नवखा माणूस भिंतीवरचं नाव वाचतो. जाणकार आधी छप्पर बघतो. झाकणं किती आहेत, कोपऱ्यांत आहेत की नाहीत, त्यांच्या बिजागऱ्या कुठल्या बाजूला आहेत. मग डब्याचं टोक: फळ्यांचं आहे की घड्या पाडलेल्या पोलादी पत्र्याचं, आणि घड्या असतील तर त्यांची संख्या नि आकार. मग दार, चौकट आणि खालचा मधला तुळईसारखा गाभा: तो सरळ आहे की माशाच्या पोटासारखा मध्ये फुगलेला. शेवटी ब्रेक. एबी नावाचा ब्रेक १९३३ साली आला, त्याआधी के जातीचा होता. त्यामुळे पोटाखालची एक छोटी टाकीसुद्धा काळ सांगून जाते. भिंतीच्या खालच्या बाजूला टोकाजवळ लहान गोल झाकण दिसलं तर तिथे चाकाच्या फिरण्यावर चालणारा पंखा आहे, आणि डबा १९४० च्या दशकातला किंवा तेव्हा सुधारलेला आहे असं समजायचं. रंग अगदी शेवटी बघायचा, कारण रंग दर काही वर्षांनी बदलतो आणि घडण सहसा बदलत नाही.

याला कागदाचा आधार लागतो. अमेरिकेत रेल्वे इक्विपमेंट रजिस्टर नावाची जाडजूड यादी नियमित छापली जाई. कुठल्या कंपनीचे कुठून कुठपर्यंतच्या क्रमांकाचे डबे, आतली लांबी-रुंदी-उंची किती, दार किती रुंद, सगळं त्यात असे. युनियन पॅसिफिक आणि सदर्न पॅसिफिक यांनी १९०६ साली मिळून काढलेली पॅसिफिक फ्रूट एक्सप्रेस ही रीफर चालवणारी मोठी कंपनी. तिच्या डब्यांचे वर्ग तर अभ्यासकांना तोंडपाठ असतात: आर-४०-१० हा १९३६ चा पोलादी डबा, आर-४०-२३ हा १९४७ चा. 'आर' म्हणजे रीफर, पुढचा आकडा भारवहनाचा वर्ग, त्यापुढचा रचनेचा क्रम. अँथनी थॉम्पसन, रॉबर्ट चर्च आणि ब्रूस जोन्स यांनी या कंपनीवर लिहिलेला ग्रंथ या छंदातला प्रमाणग्रंथ मानला जातो. इंटरमाउंटन कंपनीचा आर-४०-२३ चा संच किंवा टिचीचा लाकडी आर-४०-४ हाती आला तर शोधाशोध करावी लागत नाही. मूळ डबा कोणता ते ठरवूनच साचा बनवलेला असतो.

अडचण बाकीच्या संचांची. प्लास्टिकचा साचा महाग पडतो, रंग छापणं स्वस्त. म्हणून एकाच साच्यावर पन्नास नावं छापली जातात: दारूभट्ट्या, खाटीकखाने, लोणी-चीजवाले. ही जाहिरातींची रंगीत चित्रं डब्यांवर खरंच होती. पण १९३४ साली अमेरिकेच्या आंतरराज्य वाणिज्य आयोगानं त्यांवर बंदी घातली, कारण बड्या गिऱ्हाइकांना डबे सवलतीत देऊन आडमार्गानं भाड्यात सूट दिली जात होती. म्हणजे ते रंगीबेरंगी नाव १९५० च्या पोलादी डब्यावर दिसलं की समजावं, हा जोड खोटा आहे. माझ्या पहिल्या, फळ्यांच्या डब्याचा जोडही वेगळ्या तऱ्हेनं असाच खोटा होता.

एवढं अमेरिकेचं. पण मला मनापासून सांगायचंय ते आपल्याकडचं.

पुण्यात कर्वे रोडला, कोथरूडमध्ये, भाऊ जोशी यांनी सौदामिनी इन्स्ट्रुमेंट्सच्या जागेत उभारलेलं लघुरेल्वेचं संग्रहालय १९९८ साली लोकांसाठी खुलं झालं. माझ्यासारख्या अनेकांनी चालत्या गाड्यांचं अख्खं शहर पहिल्यांदा तिथेच पाहिलं. ते एचओ मापाचं आहे, म्हणजे खऱ्याच्या ८७ व्या हिश्शाचं. या मापाचे रूळ १६.५ मिलिमीटर रुंद असतात आणि ते अमेरिका-युरोपच्या १,४३५ मिलिमीटर गेजला जुळतात. आपलं ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटरचं; ८७ नं भागलं तर सव्वाएकोणीस येतात. म्हणून बाजारच्या रुळांवर भारतीय डबा उभा केला की तो अरुंद पायांवर उभा राहतो. जाणत्या माणसाला ते लगेच खटकतं. उलट आमच्या भागाची गंमत अशी, की १९०० च्या सुमाराला सुरू झालेली मनमाडकडून येणारी निजामाची गोदावरी खोऱ्यातली लाइन मीटरगेजची होती आणि तिला १२ मिलिमीटरचा तयार रूळ जवळपास बरोबर बसतो. आमच्या भागात ती लाइन १९९० च्या दशकात ब्रॉडगेज झाली. तिच्या मीटरगेजच्या वाघिणींची मापं कुणी काढून ठेवली असतील तर ती सोन्याच्या मोलाची आहेत.

आणि आपला रीफर कुठला? ७ ऑगस्ट २०२० ला देवळालीहून दानापूरला पहिली किसान रेल सुटली, १,५१९ किलोमीटरचा प्रवास. नाशिक रोड, मनमाड, जळगाव, भुसावळ करत ती पुढे गेली. त्याच वर्षी २८ डिसेंबरला सांगोल्याहून शालिमारला शंभरावी सुटली. या गाडीची प्रतिकृती करायची म्हटलं की हात आपोआप पांढऱ्या, पंखेवाल्या, बर्फाळ दिसणाऱ्या डब्याकडे जातो. तिथेच चूक होते. किसान रेलला लागले ते मुख्यतः साधे पार्सलचे डबे. रेल्वेकडचा खरा थंड डबा म्हणजे व्हीपीआर, रेफ्रिजरेटेड पार्सल व्हॅन. २०२० मध्ये सरकारनं सांगितलं तेव्हा कपुरथळ्याच्या कारखान्यातून घेतलेल्या अशा व्हॅन होत्या ९, प्रत्येकी १७ टन क्षमतेच्या. टेबलावर १० व्हीपीआरची गाडी लावली तर ती त्या अख्ख्या ताफ्याहून मोठी होते. हौशी माणसानं हे जाणून एक व्हीपीआर लावावा आणि बाकी साधे डबे. तसं केलं तर ती गाडी शेतकऱ्याचा माल खरोखर कसा गेला ते सांगते.

रावेर, सावदा, निंभोऱ्याच्या केळ्यांचंही तसंच. दिल्लीच्या आदर्शनगरला जाणारं केळं हिरवं, कच्चं जातं आणि तिकडे पिकवतात. त्याला बर्फापेक्षा हवा लागते, म्हणून खान्देशच्या केळीगाडीला झरोक्यांचा डबा शोभतो. आमच्या अद्रकाला तर गोदामही लागत नाही. भाव येईपर्यंत ते जमिनीतच ठेवतात. माल कोणता ते कळल्याशिवाय डबा ओळखता येत नाही, हे मला शेतीनं शिकवलं, संचांनी नाही.

आज नाशिकची द्राक्षं न्हावा-शेवा बंदरातून निर्यात होतात ती थंड कंटेनरमधून. त्याच्या दारावर ४५आर१ अशी खूण असली की ४० फुटी, उंच, थंड कंटेनर समजावा. ४० फूट म्हणजे एचओ मापात पुन्हा १४ सेंटिमीटर. माझ्या पहिल्या पिवळ्या डब्याची लांबी नेमकी तेवढीच.

आपल्याकडे त्या अमेरिकन रजिस्टरसारखी जाडजूड यादी घराघरात नाही, पण डबा स्वतः बोलतो. प्रवासी व पार्सल डब्याच्या क्रमांकाचे पहिले दोन आकडे बांधणीचं वर्ष सांगतात. मालवाघिणीच्या ११ आकडी क्रमांकात पहिले दोन जात सांगतात, पुढचे दोन मालक रेल्वे, आणि पाचवा-सहावा बांधणीचं वर्ष. शेजारी रिकाम्या डब्याचं वजनही रंगवलेलं असतं. मनमाडला गाडी थांबली की मी वही काढतो. ५ मिनिटांत ३ डब्यांची कुंडली मिळते.

वाचकांना एक विनंती आहे. तुमच्या घरी मराठवाड्यातल्या किंवा खान्देशातल्या स्थानकाचा जुना फोटो असेल, लग्नाच्या वऱ्हाडाचा का असेना, आणि मागे एखादी वाघीण उभी असेल, तर फोटोच्या पाठीवर आजच पेन्सिलीनं तीन गोष्टी लिहा: स्थानक, साल आणि डब्यावर वाचता येणारा आकडा.