औषधाच्या दुकानातील दवाखाना आणि त्याचे नियमन



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या सरांनी आम्हांला शरीरशास्त्र शिकवले. फळ्यावर हृदयाची आकृती काढून झाली की ते हमखास विचारीत, "हे समजल्यामुळे तुमच्या घरात काय बदलेल?" आजचा विषय निवडताना मी तोच प्रश्न समोर ठेवला आहे. विषय दिसायला किरकोळ आहे. धार, देवास, कुक्षी, मनावर, सोनकच्छ, बागली, कोणत्याही गावाच्या बसस्थानकाजवळ उभे राहिलात तर एखादे औषधांचे दुकान दिसेल आणि त्याच्या मागच्या खोलीत किंवा पडद्याआड बसलेले डॉक्टर दिसतील. आपण त्याला "मेडिकलवर बसणारे डॉक्टर" म्हणतो. या व्यवस्थेला नियम कोणते, ते कोण लावते आणि ते अपुरे का पडतात, एवढेच मला सांगायचे आहे.

प्रथम एक कबुली देणे मला आवश्यक वाटते. पदवी घेऊन परतल्यावर स्वतःची जागा घेण्याइतके पैसे माझ्याजवळ नव्हते. तेव्हा मीही तीन वर्षे अशाच एका दुकानामागील खोलीत बसलो. खोलीचे भाडे दुकानदार घेत नसे. त्याचा मोबदला कशात होता, हे समजायला मला फार दिवस लागले नाहीत. तरीही मी तेथे राहिलो. म्हणून आज जे बोलणार आहे ते परक्याच्या दोषांचे वर्णन नाही.

लोक तेथे का जातात

या व्यवस्थेची निंदा करण्यापूर्वी तिची उपयुक्तता मान्य केली पाहिजे. धारचे भोज रुग्णालय किंवा देवासचे महात्मा गांधी जिल्हा रुग्णालय येथे जाणे म्हणजे खेड्यातल्या मजुराचा एक दिवसाचा रोजगार बुडणे. दुकानातला दवाखाना संध्याकाळी, बाजार आटोपल्यावरही उघडा असतो. तपासणी आणि औषध एकाच उंबरठ्यावर मिळते. शिवाय पर्याय काय आहे, हेही पाहावे. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ग्रामीण मध्य प्रदेशातील उपचार करणाऱ्यांची पाहणी केली होती. त्यांपैकी ६७ टक्के लोकांनी आपणाजवळ कोणतीही वैद्यकीय पात्रता नसल्याचे स्वतःच सांगितले. ज्या प्रदेशात अशी स्थिती आहे, तेथे दुकानाच्या मागे का होईना, पण खरा पदवीधर बसला आहे, ही गोष्ट लहान नाही.

दोन धंदे वेगळे का केले

आपल्या वडिलधाऱ्यांना जुना दवाखाना आठवत असेल. डॉक्टर तपासत, कंपाउंडर आत मिश्रण तयार करी, आणि बाटलीवर मात्रेच्या खुणा कापलेली कागदी पट्टी चिकटवून देई. औषध देणारा आणि लिहून देणारा एकच होता. कायद्याने ही पद्धत आजही बंद केलेली नाही. औषध नियमांच्या 'के' परिशिष्टानुसार नोंदणीकृत डॉक्टर स्वतःच्या रुग्णाला औषध देऊ शकतो. अट एवढीच, की त्याने खुले दुकान मांडू नये व गल्ल्यावरून इतरांना विक्री करू नये.

पण प्रभावी औषधे आली आणि चित्र पालटले. देवासकरांना याचे एक उदाहरण घरचेच आहे. कुमार गंधर्व १९४८ साली क्षयाने आजारी होऊन येथील कोरड्या हवेसाठी देवासला आले. ते पुन्हा गाऊ लागले त्यात स्ट्रेप्टोमायसिन या त्या वेळी नव्या असलेल्या औषधाचा वाटा होता. जे औषध मरणाच्या दारातून माणूस परत आणते, तेच अर्धवट किंवा अनाठायी घेतले तर जंतूंना त्याला तोंड द्यायला शिकवते. म्हणून लिहून देणाऱ्याने रोग पाहावा, विकणाऱ्याने चिठ्ठी पाहावी, आणि एकाने दुसऱ्याची चूक पकडावी, असा दुहेरी पहारा कायद्याने बसवला. डॉक्टर आणि औषधविक्रेता यांना वेगळे ठेवण्याचे खरे कारण हा पहारा आहे.

कायदा काय म्हणतो

औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० चा, त्याखालील नियम १९४५ चे. किरकोळ दुकानाला किमान १० चौरस मीटर जागा आणि परवाना लागतो. चिठ्ठीवरील औषध नोंदणीकृत औषधनिर्मात्याच्या म्हणजे फार्मासिस्टच्या प्रत्यक्ष देखरेखीखालीच दिले गेले पाहिजे. १९४८ च्या फार्मसी कायद्याचे ४२ वे कलमही हेच बजावते. 'एच' परिशिष्टातील औषधे चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. २०१३ साली 'एच-१' हे आणखी कडक परिशिष्ट आले व मार्च २०१४ पासून लागू झाले. त्यात अनेक प्रतिजैविके व क्षयावरील प्रमुख औषधे आहेत. ती विकताना डॉक्टरचे व रुग्णाचे नाव, औषध व प्रमाण वेगळ्या वहीत नोंदवून ती वही तीन वर्षे ठेवावी लागते.

याच नियमांत एक तरतूद आहे, जी फार थोड्यांना ठाऊक असते. चिठ्ठी पुन्हा वापरावी असे डॉक्टरने तिच्यावर लिहिले नसेल, तर त्या चिठ्ठीवर औषध एकदाच द्यायचे असते, आणि दिल्यावर दुकानदाराने आपले नाव, पत्ता व तारीख चिठ्ठीवर नोंदवायची असते.

डॉक्टरांसाठी भारतीय वैद्यक परिषदेची २००२ ची आचारसंहिता आहे. २०२३ साली नवी नियमावली प्रसिद्ध झाली, पण त्याच महिन्यात ती स्थगित झाल्याने जुनीच चालू राहिली. तिच्यानुसार रुग्ण पाठविण्याबद्दल दलाली घेणे हा गैरवर्तनाचा प्रकार आहे. इतर डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांवर औषध विकणारे खुले दुकान डॉक्टरने चालवू नये. आणि औषधाच्या दुकानावर डॉक्टरने आपल्या नावाची पाटी लावणे अनुचित आहे, हेही त्या संहितेत स्पष्ट लिहिले आहे. आपल्या गावांतील पाट्या आठवून पाहा, म्हणजे हा नियम किती पाळला जातो ते समजेल.

तिसरा कायदा दवाखान्याचा. केंद्राचा २०१० चा रुग्णालय-नोंदणी कायदा मध्य प्रदेशाने स्वीकारलेला नाही. येथे राज्याचा स्वतःचा १९७३ चा उपचर्यागृह व रुजोपचार स्थापनांचा कायदा व १९९७ चे नियम आहेत. त्यांखाली जिल्ह्याच्या मुख्य चिकित्सा व आरोग्य अधिकाऱ्याकडे नोंदणी होते.

एका रस्त्यावर दोन राज्ये

मग इतके कायदे असून उणीव कोठे आहे? देवासचा इतिहास येथे उपयोगी पडतो. १९४८ पर्यंत देवास हे एकच शहर पवारांच्या थोरल्या आणि धाकट्या अशा दोन पात्यांत वाटलेले होते. मुख्य रस्त्याची एक बाजू एका दरबाराची, दुसरी बाजू दुसऱ्याची. एका बाजूचा अधिकार रस्ता ओलांडला की संपे. दुकानातल्या दवाखान्याची गत नेमकी तशी आहे. गल्ल्याच्या बाजूचा परवाना औषध प्रशासन देते आणि तपासणीला औषध निरीक्षक येतो. पडद्यामागची खोली आरोग्य अधिकाऱ्याच्या नोंदवहीत असते. डॉक्टरच्या वर्तनाची तक्रार भोपाळच्या वैद्यक परिषदेकडे करायची, फार्मासिस्टची फार्मसी परिषदेकडे. निरीक्षक कपाट तपासतो, खोलीत डोकावत नाही. आरोग्य अधिकारी पदवी पाहतो, विक्रीची वही मागत नाही. डॉक्टर आणि दुकानदार यांच्यात काय ठरले आहे, हा प्रश्न कोणाच्याच तपासणीपत्रकात नाही.

आणि तेच तर मूळ आहे. सरकारने किंमत बांधून दिलेल्या औषधांवर किरकोळ विक्रेत्याचा नफा २०१३ च्या किंमत नियंत्रण आदेशाने १६ टक्के धरला आहे. बाकीच्या औषधांवर अशी मर्यादा नाही. तेथे खरेदीची किंमत आणि छापील किंमत यांत मोठे अंतर असू शकते. ज्या डॉक्टरची खोली दुकानदाराच्या मेहेरबानीवर चालते, त्याच्या लेखणीला कोणते औषध आधी सुचेल, हे सांगायला नको. माझ्याही लेखणीला ते सुचत होते. दुकानदाराने मला कधी स्पष्ट शब्दांत काही सांगितले नाही. फक्त महिन्याच्या शेवटी कोणती बाटली पडून राहिली आहे, याचा उल्लेख तो सहज बोलता बोलता करी.

याहून गंभीर प्रसंग दुसराच होता. गुडघे सुजलेल्या एका वृद्ध गृहस्थांना मी सात दिवसांसाठी स्टेरॉइडच्या गोळ्या लिहून दिल्या. ते पुन्हा आले नाहीत. मी समजलो, बरे वाटले असेल. वर्षभराने त्यांचा मुलगा त्यांना हाताला धरून घेऊन आला. चेहरा सुजून गोल झालेला, रक्तातील साखर वाढलेली, मनगट किरकोळ धक्क्याने मोडलेले. माझी तीच चिठ्ठी त्यांच्या खिशात होती. घड्या पडून तिचे चार तुकडे झाले होते. माझ्या खोलीपासून दहा पावलांवरच्या गल्ल्यावर ती चिठ्ठी महिन्यामागून महिने चालत होती, आणि तिच्यावर एकही तारीख नोंदलेली नव्हती. "तुमच्याच डॉक्टरचे औषध आहे," असे सांगून ती विकली जाई. नियमातील ती एक ओळ पाळली असती, तर त्या गृहस्थांचे हाड वाचले असते. आणि मी एकदा गल्ल्यावर जाऊन विचारले असते, तरीही वाचले असते. त्यानंतर दोन महिन्यांत मी ती खोली सोडली.

इतरत्र काय केले

हा प्रश्न आपल्यापुरता नाही. अमेरिकेत २००० साली मिनियापोलिस परिसरात किराणा भांडारांत छोटे दवाखाने सुरू झाले. पुढे औषधविक्रीच्या मोठ्या साखळ्यांनी ते उचलले. मॅसॅच्युसेट्स राज्याने २००८ च्या जानेवारीत त्यांच्यासाठी 'मर्यादित सेवा दवाखाना' असा स्वतंत्र वर्गच निर्माण केला. ठरलेल्या आजारांपलीकडे उपचार करू नये, दोन वर्षांखालील मूल तपासू नये, रुग्णाला नेहमीच्या डॉक्टरकडे पाठविण्याची व्यवस्था असावी, असे त्याचे नियम. इंग्लंडने ३१ जानेवारी २०२४ पासून घसादुखी, कानदुखी, नागीण यांसारख्या सात साध्या आजारांवर प्रशिक्षित फार्मासिस्टला उपचाराची मुभा दिली, पण प्रत्येक आजारासाठी वयाची मर्यादा व पायऱ्या लिहून दिल्या. दोन्ही देशांनी दुकानातल्या उपचाराला नाकारले नाही. त्याची हद्द मात्र आखली.

हद्द नसली की काय होते, ते आपल्याच राज्याने पाहिले आहे. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या दूषित औषधाने वीसहून अधिक बालकांचा मृत्यू झाला. त्या औषधात डायएथिलीन ग्लायकॉल हे विष ४८.६ टक्के आढळले. मुख्य अपराध निर्मितीतला होता, यात शंका नाही. परंतु त्याच घटकांचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असा इशारा पाकिटावर छापण्याचा आदेश केंद्रीय औषध नियंत्रकाने डिसेंबर २०२३ मध्येच काढला होता. लिहिणाऱ्याने थांबायला हवे होते, नाहीतर विकणाऱ्याने थांबवायला हवे होते. दुहेरी पहारा म्हणतात तो हाच.

काय करता येईल

माझ्या मते अशा दवाखान्यांवर सरसकट बंदी घालू नये. बंदी घातली तर पदवीधर जाईल आणि त्याच्या जागी अपात्र माणूस बसेल. त्याऐवजी पाच गोष्टी व्हाव्यात. एक, दुकानातल्या किंवा दुकानाला लागून असलेल्या दवाखान्याची वेगळी नोंद व्हावी आणि औषध निरीक्षक व आरोग्य अधिकारी यांनी तो एकत्र तपासावा. दोन, जागेचा लेखी भाडेकरार असावा व भाडे विक्रीशी जोडलेले नसावे. तीन, रुग्णाला औषध कोठूनही घेता येईल, असे मराठी-हिंदीत खोलीत लिहिलेले असावे व चिठ्ठीवर औषधाचे मूळ नाव असावे. चार, दोन वर्षांखालील बालके, गर्भवती स्त्रिया, तीन दिवसांहून अधिक ताप, छातीत दुखणे, अशा रुग्णांना कोणत्या रुग्णालयात पाठवायचे, याची यादी भिंतीवर असावी. पाच, जेथे पडद्यावरून दूरचा डॉक्टर तपासतो, तेथे मार्च २०२० च्या दूरवैद्यक मार्गदर्शक सूचनांनुसार त्याचा नोंदणी क्रमांक रुग्णाच्या चिठ्ठीवर असलाच पाहिजे.

कायदा बदलायला वेळ लागेल. तोवर सरांच्या प्रश्नाचे उत्तर तरी आपण देऊ शकतो. पाकिटावर उभी लाल रेघ असेल, तर ते औषध चिठ्ठीशिवाय घेऊ नका. दुकानात फार्मासिस्ट कोण, हे विचारा. त्याचे नाव व नोंदणीपत्र तेथे दिसायला हवे. बिल मागा. औषध दिल्यावर चिठ्ठीवर तारीख घालायला सांगा. आणि घरातील वृद्ध माणसाच्या खिशात जुनी, घड्या पडलेली चिठ्ठी सापडली, तर ती उघडून वाचा. सात दिवसांचे औषध किती महिने चालले आहे, ते मोजा. एवढे एका घरात जरी झाले, तरी सरांना माझे आजचे बोलणे पटले असते, असे मी समजेन.