‘बनगरवाडी’ वाचण्याआधी आपली वाडी पाहा

व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ ही कादंबरी १९५५ साली पुस्तकरूपाने आली. औंध संस्थानातल्या एका धनगरवाडीवर तरुण मास्तर येतो. वाडी हळूहळू त्याला आपला मानते. सगळे मिळून तालीम बांधतात. पुढे दुष्काळ पडतो आणि वाडी ओस पडते.

शहापूर-मुरबाडच्या भातखाचरांत वाढलेल्या मुलांना माणदेशचा तो उघडा माळ परका वाटतो. म्हणून शिक्षकांनी पुस्तक हाती देण्याआधी मुलांना एक प्रश्न द्यावा. पन्नास घरे शेजारी-शेजारी असली म्हणजे गाव होते का?

याचे उत्तर घरीच मिळेल. मुलांनी आठवडाभर वडीलधाऱ्यांना विचारावे. आवणीला सावडीने कोण कोणाकडे जाते? ज्याच्याकडे बैल नाहीत त्याची चिखलणी कशी होते? रात्री कोणाला विंचू चावला तर आधी कोणाचे दार ठोठावतात? म्हशाच्या यात्रेला कोण कोणाबरोबर जाते? गावदेवीच्या वर्गणीत कोणाचे नाव असते, कोणाचे नसते?

मग वर्गात सर्वांनी मिळून गावाचा नकाशा काढावा. शाळा, विहीर, खळी, देऊळ, स्मशान दाखवावे; ठाकरवाडी आणि कातकरवाडीही दाखवावी. दिवाळीनंतर अनेक कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात. वर्गातल्या त्यांच्या मुलांच्या जागा रिकाम्या होतात. “ते इथे नसतात, मग त्यांची घरे काढायची का?” असे एखादे मूल विचारील. गुरुजींनी लगेच उत्तर देऊ नये. मुलांना बोलू द्यावे. मात्र वाडीवरच्या मुलाला उभे करून त्याच्या घरची गरिबी सर्वांपुढे सांगायला लावू नये.

गावात कोणाला जागा द्यायची हे गावच ठरवते, आणि गावच ते बदलू शकते. मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठी उलटलेल्या बायकांनी हातात पाटी घेतली. आता शिकून काय करायचे, असे त्या गावाने म्हटले नाही.

एवढे झाल्यावर पुस्तक उघडावे. दगड-मातीच्या तालमीपायी वाडी का राबली आणि रिकामी झालेली वाडी पाहून मास्तरचा जीव का तुटतो, हे मुलांना कोणी समजावून सांगावे लागणार नाही.

आईवडिलांना एकच विनंती. संध्याकाळी पोर वही घेऊन प्रश्न विचारायला आले, तर “जा, अभ्यास कर” म्हणू नका. त्याच्या शेजारी बसा आणि सांगा. तोच त्याचा अभ्यास आहे.